व्हेझेर खोरे

व्हेझेर खोरे हे फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातील दोर्दोन्य विभागात असलेले, प्रागैतिहासिक गुहाचित्रे, शैलाश्रय आणि मध्ययुगीन गावे यांसाठी प्रसिद्ध असलेले नदीखोरे आहे. या प्रदेशास परंपरेने पेरिगोर असे म्हणतात. मोंतिन्याक गावाजवळची लास्को गुहा, लेझेझी गावाभोवतालच्या फाँ-द-गोम व ले कोंबारेल या गुहा, तसेच ‘शंभर मॅमथांची गुहा’ म्हणून ओळखली जाणारी रूफिन्याक गुहा ही येथील प्रमुख स्थळे होत. १९७९ साली युनेस्कोने खोऱ्यातील १५ स्थळांचा एकत्रितपणे जागतिक वारसा यादीत समावेश केला. खोऱ्याच्या आग्नेयेस थोड्या अंतरावर सार्ला हे मध्ययुगीन शहर असून बहुतेक पर्यटक तेथेच मुक्काम करून दोन्ही पाहतात.

खोऱ्यातील सर्वांत विख्यात गुहा १९६३ पासून जनतेसाठी बंद आहे. लास्को येथे येणारा पर्यटक मूळ गुहा पाहत नाही. तो तिची प्रतिकृती पाहतो. फाँ-द-गोममध्ये मूळ चित्रे पाहता येतात, परंतु दिवसाला अगदी मोजक्या लोकांना. रूफिन्याकमध्ये विजेच्या लहान आगगाडीतून गुहा पाहावी लागते. पाहणाऱ्यांमुळेच पाहण्याजोगी वस्तू नष्ट होऊ शकते, हा धडा जगातील पुरातत्त्वज्ञांनी मुख्यतः या खोऱ्यात शिकला, आणि प्रत्येक स्थळाने त्यावर आपापले उत्तर शोधले आहे.

भूगोल

व्हेझेर नदी मध्य फ्रान्समधील मिलव्हाश पठारावर उगम पावते. सुमारे २११ किलोमीटरचा प्रवास करून ती लिमय या गावापाशी दोर्दोन्य नदीस मिळते. वरच्या भागात ती ग्रॅनाइटच्या प्रदेशातून, तर मोंतिन्याकपासून खाली चुनखडकाच्या प्रदेशातून वाहते. या खालच्या टप्प्यातच प्रागैतिहासिक स्थळांची दाटी आहे. युनेस्कोच्या नोंदीनुसार खोऱ्यात पुराश्मयुगीन १४७ स्थळे आणि २५ चित्रित गुहा आहेत.

या दाटीचे कारण खडकात आहे. नदीने चुनखडक कापून उंच कडे तयार केले. कड्यांच्या पायथ्याशी असलेले मऊ थर हिमयुगातील गोठण-वितळणीने झिजले आणि वर कठीण थराचे छत राहून लांबलचक कपारी निर्माण झाल्या. अशा कपारींना शैलाश्रय म्हणतात. सूर्याकडे तोंड करून असलेले, वाऱ्यापावसापासून सुरक्षित आणि पाण्याच्या जवळचे हे निवारे शिकारी टोळ्यांना सोयीचे होते. कड्यांच्या पोटात पाण्याने विरघळून तयार झालेल्या खोल गुहांमध्ये मात्र माणूस क्वचितच राहिला. तेथे तो चित्रे काढण्यासाठी गेला. ‘गुहेत राहणारा आदिमानव’ ही रूढ कल्पना या खोऱ्यातील पुराव्यांशी जुळत नाही.

खोऱ्याभोवतीच्या ओकच्या गर्द अरण्यामुळे या भागास ‘काळे पेरिगोर’ असे नाव पडले आहे. अक्रोड, ट्रफल ही भूमिगत बुरशी आणि हंस-बदकांचे पदार्थ यांसाठीही हा प्रदेश ओळखला जातो.

संशोधनाचा इतिहास

मानवाचे अस्तित्व नामशेष प्राण्यांइतके प्राचीन आहे काय, हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातील मोठा वादाचा प्रश्न होता. १८६३ पासून फ्रेंच पुराजीवशास्त्रज्ञ एदुआर लार्ते आणि त्यांचे इंग्रज सहकारी हेन्री क्रिस्टी यांनी या खोऱ्यात उत्खनने केली. १८६४ मध्ये ला मादलेन येथील शैलाश्रयात त्यांना मॅमथच्या सुळ्याचा एक तुकडा सापडला. त्यावर मॅमथचेच चित्र कोरलेले होते. ज्या माणसाने ते कोरले त्याने जिवंत मॅमथ पाहिला असला पाहिजे, हे त्यातून उघड झाले आणि वादाचा निकाल लागण्यास मोठी मदत झाली. याच स्थळावरून उच्च पुराश्मयुगाच्या अखेरच्या टप्प्यास मॅग्डालेनियन हे नाव मिळाले. त्याहून बऱ्याच जुन्या, निअँडरथल मानवाशी निगडित असलेल्या मुस्टेरियन संस्कृतीचे नावही याच खोऱ्यातील ल मुस्तिए गावावरून आले आहे.

१८६८ मध्ये लेझेझी येथे रेल्वेच्या कामाच्या निमित्ताने खोदकाम सुरू असताना एका लहानशा शैलाश्रयात मानवी सांगाडे सापडले. लार्ते यांचे पुत्र लुई लार्ते यांनी त्यांचा अभ्यास केला. त्या जागेचे स्थानिक नाव क्रो-मॅग्नन. युरोपातील प्राचीन आधुनिक मानवास पुढे हेच नाव रूढ झाले.

गुहांच्या भिंतींवरील चित्रे खरोखर प्राचीन आहेत हे मान्य होण्यास मात्र अधिक काळ लागला. स्पेनमधील आल्तामिरा गुहेतील चित्रे १८७९ मध्ये उजेडात आली, तेव्हा बहुतेक विद्वानांनी ती बनावट ठरवली. १८९५ मध्ये लेझेझीजवळच्या ला मूत गुहेत कोरीव चित्रे आढळली. मग सप्टेंबर १९०१ मध्ये एकाच आठवड्यात ले कोंबारेल (८ सप्टेंबर) आणि फाँ-द-गोम (१२ सप्टेंबर) या दोन गुहांतील कला प्रकाशात आली. हे काम लुई कापितां, आंरी ब्रय आणि लेझेझीचे शाळामास्तर दनी पेरोनी या तिघांचे होते. पुढच्याच वर्षी विद्वानांच्या एका परिषदेतील सदस्यांनी या गुहा प्रत्यक्ष पाहिल्या, आणि आल्तामिराचे कट्टर विरोधक एमिल कार्तेलाक यांनी आपली चूक जाहीरपणे कबूल केली. फाँ-द-गोम गुहा स्थानिकांना त्याआधीच ठाऊक होती, तिच्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकातील भेट देणाऱ्यांनी आपली नावेही लिहून ठेवली आहेत. बायसनच्या अंगावर नाव लिहिणाऱ्यांना तेथे बायसन आहे हेच दिसले नव्हते.

अवशेषांचा व्यापार

शोधांबरोबर खरेदीविक्रीही आली. स्विस पुरावस्तू-व्यापारी व उत्खनक ओटो हाउझर यांनी ल मुस्तिए येथे १९०८ मध्ये एका निअँडरथल किशोराचा सांगाडा शोधला आणि तो बर्लिनच्या संग्रहालयास विकला. दुसऱ्या महायुद्धातील बाँबहल्ल्यात त्याची मोठी हानी झाली. काप ब्लां या शैलाश्रयात, घोड्यांच्या शिल्पपट्टाच्या पायथ्याशी, १९११ मध्ये सापडलेला मॅग्डालेनियन काळातील सांगाडा १९२६ मध्ये शिकागो येथील फील्ड संग्रहालयाकडे गेला. आज मूळ जागी त्याची प्रतिकृती ठेवलेली आहे.

या काळाची सर्वांत बोलकी खूण लेझेझीजवळच्या ‘माशाच्या शैलाश्रयात’ आहे. तेथे छतावर सुमारे एक मीटर लांबीचा सामन मासा उठावात कोरलेला आहे. १९१२ मध्ये तो सापडताच छतापासून कापून परदेशी विकण्याचा प्रयत्न झाला. तो वेळीच थांबवण्यात आला आणि जागेस सरकारी संरक्षण मिळाले. माशाभोवती पाडलेली आयताकृती खोल खाच अजूनही तशीच आहे; मासा पाहताना ती आधी नजरेस येते.

अशा घटनांमुळे १९१३ मध्ये फ्रेंच शासनाने लेझेझीच्या कड्यावरील जुना गढीवजा वाडा विकत घेतला आणि पेरोनी यांच्या पुढाकाराने तेथे संग्रहालय उभे राहिले. आजचे राष्ट्रीय प्रागितिहास संग्रहालय ते हेच. त्याची नवी इमारत २००४ मध्ये खुली झाली. वाड्याच्या सज्जावर शिल्पकार पोल दार्दे यांनी घडवलेला आदिमानवाचा पुतळा १९३१ पासून उभा आहे. वाकलेल्या खांद्यांचा, ओबडधोबड असा हा पुतळा त्या काळच्या समजुतींचे स्मारक म्हणून पाहावा. खोऱ्यातील चित्रकारांचे ते चित्र नव्हे.

लास्को गुहा

शोध

१२ सप्टेंबर १९४० रोजी मार्सेल राव्हिदा, झाक मार्साल, जॉर्ज आन्येल आणि सिमों कोएन्कास हे चार तरुण मोंतिन्याकजवळच्या टेकडीवरील एका अरुंद भोकातून आत उतरले. राव्हिदा १८ वर्षांचा होता, इतर त्याहून लहान होते. काही दिवसांपूर्वी राव्हिदाला ते भोक आपल्या ‘रोबो’ नावाच्या कुत्र्यामुळे दिसले, असे सांगितले जाते. गावात एका गुप्त भुयाराची दंतकथा होती आणि तेच आपल्याला सापडले अशी मुलांची समजूत होती. त्यांनी ही वार्ता शाळामास्तर लेओं लाव्हाल यांना सांगितली. ब्रय त्या वेळी जवळच होते. ते २१ सप्टेंबरला गुहेत आले आणि चित्रांच्या प्राचीनतेविषयी त्यांनी निर्वाळा दिला. वर्ष संपण्यापूर्वीच गुहेला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा देण्यात आला.

हा काळ फ्रान्सच्या पराभवानंतरच्या पहिल्या महिन्यांचा होता. मोंतिन्याक जर्मनांच्या थेट ताब्यात नसलेल्या भागात असल्याने तेथे निर्वासित कुटुंबे आली होती. कोएन्कास हा अशाच एका ज्यू कुटुंबातील मुलगा होता. त्याच्या आईवडिलांना पुढे आउशवित्झ येथे नेण्यात आले आणि ते परतले नाहीत. राव्हिदा आणि मार्साल हे दोघे युद्धानंतर गुहेचे वाटाडे झाले.

चित्रे

गुहेची एकूण लांबी सुमारे २५० मीटर आहे. तिच्यात सुमारे ६०० प्राण्यांची रंगवलेली चित्रे आणि त्याहून कितीतरी अधिक कोरीव आकृती आहेत. चित्रांचे वय साधारणतः १७,००० वर्षे किंवा त्याहून थोडे अधिक मानले जाते. काळा रंग कोळशाऐवजी मँगेनीजच्या खनिजापासून केलेला असल्याने त्याचे कार्बन पद्धतीने थेट कालमापन करता येत नाही. वयाचा अंदाज जमिनीवर सापडलेल्या वस्तूंवरून केला जातो. लाल व पिवळा रंग गेरूसारख्या लोहयुक्त मातीचा आहे.

प्रवेशानंतरचे पहिले दालन ‘बैलांचे दालन’ म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील रानबैलांपैकी सर्वांत मोठा पाच मीटरांहून लांब आहे. भिंतीच्या वरच्या पांढऱ्या कॅल्साइटच्या थरावर रंग इतका उठून दिसतो, की छायाचित्रांतून त्याची कल्पना येत नाही. पुढच्या अरुंद बोळात छतापर्यंत चित्रे असून, उंचावर काम करण्यासाठी लाकडी माची बांधली गेली असावी, असे भिंतीतील खाचांवरून दिसते. गुहेत चित्रित प्राण्यांमध्ये घोड्यांची संख्या सर्वाधिक आहे. ज्या रेनडियरच्या मांसावर ही माणसे प्रामुख्याने जगत होती, त्याचे चित्र मात्र जवळजवळ नाहीच. म्हणजे चित्रकार आपले भक्ष्य रंगवत नव्हते. शिकारीत यश मिळावे म्हणून केलेली जादू, हे एकेकाळचे लोकप्रिय स्पष्टीकरण या एका गोष्टीमुळे लंगडे पडते.

गुहेच्या एका खोल विहिरीवजा भागात, पक्ष्याचे डोके असलेला पडलेला माणूस, जखमी बायसन आणि दूर जाणारा गेंडा असे दृश्य आहे. संपूर्ण गुहेतील ही एकमेव मानवाकृती होय. तिच्या अर्थाविषयी अनेक तर्क मांडले गेले असून एकही सर्वमान्य नाही. याच विहिरीत तांबूस वालुकाश्माचा, दांड्यावर नक्षी असलेला सुबक दिवा सापडला. तो लेझेझीच्या संग्रहालयात पाहता येतो. चरबीवर जळणाऱ्या अशाच दिव्यांच्या हलत्या उजेडात ही चित्रे काढली गेली.

ऱ्हास आणि बंदी

युद्धानंतर गुहा पर्यटनासाठी सज्ज करण्यात आली. तोंड रुंद केले गेले, आतील मातीचा ढिगारा हलवला गेला, पायऱ्या व दिवे बसवले गेले. या कामात जमिनीतील पुरावा अभ्यास न होताच नाहीसा झाला. जुलै १९४८ मध्ये गुहा जनतेस खुली झाली. १९५० च्या दशकात गर्दीच्या दिवशी हजाराहून अधिक लोक आत येऊ लागले.

माणूस श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड आणि वाफ सोडतो, त्याच्या शरीराची उष्णता हवेत मिसळते आणि त्याच्या पादत्राणांबरोबर बीजाणू आत येतात. हजारो वर्षे जवळजवळ बंद राहिलेल्या गुहेचे तापमान व आर्द्रता यामुळे ढळली. भिंतींवर ओल जमून हिरवे शेवाळ दिसू लागले. यास ‘हिरवा रोग’ म्हटले गेले. दुसरीकडे कार्बन डायऑक्साइडयुक्त पाण्याने चुनखडक विरघळून पुन्हा साचू लागला आणि चित्रांवर कॅल्साइटचा पांढरा पापुद्रा चढण्याची भीती निर्माण झाली. हा ‘पांढरा रोग’. हवा शुद्ध करणारी यंत्रे बसवूनही धोका टळला नाही. अखेर एप्रिल १९६३ मध्ये सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी गुहा जनतेसाठी बंद केली. गुहा हे गावाचे उत्पन्नाचे मोठे साधन झाले होते, हे लक्षात घेता हा निर्णय सोपा नव्हता.

बंदीने गुहा पूर्ववत झाली असे नाही. शेवाळ आटोक्यात आले. परंतु २००१ मध्ये, नवी वातानुकूलन यंत्रणा बसवल्यानंतर, फ्युजेरियम वंशाच्या पांढऱ्या बुरशीने जमीन व भिंतींचा काही भाग व्यापला. ती रोखण्यासाठी चुना व औषधे वापरण्यात आली. त्यानंतरच्या वर्षांत काळे डाग उमटले. तेव्हापासून अभ्यासकांचा प्रवेशही अत्यंत मर्यादित ठेवला जातो. एकदा ढळलेला समतोल उपचारांनी परत येत नाही, उलट प्रत्येक उपचार नवा बदल घडवतो, हे येथील अनुभवाने दाखवून दिले. दक्षिण फ्रान्समध्ये डिसेंबर १९९४ मध्ये सापडलेली शोव्हे गुहा जनतेसाठी कधी उघडलीच गेली नाही. तिची प्रतिकृती २०१५ मध्ये खुली झाली. लास्कोच्या चुका तेथे टळल्या.

प्रतिकृती

मूळ गुहेपासून सुमारे २०० मीटरवर ‘लास्को २’ ही प्रतिकृती १९८३ मध्ये खुली झाली. तीत बैलांचे दालन आणि त्यापुढील चित्रित बोळ साकारलेले आहेत. चित्रकार मोनिक पेत्राल यांनी मूळ चित्रकारांनी वापरले तसे खनिज रंग वापरून अनेक वर्षे खपून ही चित्रे उतरवली. ‘लास्को ३’ हे देशोदेशी फिरणारे प्रदर्शन असून ते २०१२ मध्ये बोर्दो येथे सुरू झाले. टेकडीच्या पायथ्याशी डिसेंबर २०१६ मध्ये उघडलेले ‘लास्को ४’ हे केंद्र नॉर्वेच्या स्नोहेत्ता या वास्तुरचना संस्थेने आखलेले आहे. लेसर मोजणीच्या आधारे त्यात जवळजवळ संपूर्ण चित्रित गुहा उभारलेली असून गुहेसारखाच गारवाही राखलेला आहे.

नकलेसाठी प्रवास कशाला, अशी शंका अनेकांना येते. तिला दोन उत्तरे आहेत. एक म्हणजे, भिंतीच्या प्रत्येक फुगवट्याचा चित्रकाराने कसा उपयोग करून घेतला, हे सपाट छायाचित्रात कळत नाही, प्रतिकृतीत कळते. दुसरे म्हणजे, प्रतिकृतीसमोर थांबता येते. मूळ गुहेतील गर्दीच्या काळात ते शक्य नव्हते. तरीही ज्याला सतरा हजार वर्षांपूर्वीच्या हाताची प्रत्यक्ष रेघ पाहायची आहे, त्याने लास्कोवर न थांबता पुढे उल्लेख केलेल्या गुहांकडे जाणे योग्य.

मूळ गुहा व शैलाश्रय

फाँ-द-गोम ही लेझेझी गावाच्या टोकालाच, चढावर आहे. बहुरंगी भित्तिचित्रे असलेल्या आणि अद्याप जनतेस खुल्या असलेल्या फ्रान्समधील मोजक्या मूळ गुहांत तिचे स्थान अग्रगण्य आहे. सुमारे २०० आकृतींमध्ये बायसनांची संख्या सर्वाधिक आहे. वाकलेल्या रेनडियरच्या कपाळाला दुसरा रेनडियर जिभेने चाटतो आहे, असे एक चित्र येथे आहे. रंग बराच उडाला असला तरी जिभेची कोरलेली रेघ वाटाड्याने बाजूने दिवा धरताच स्पष्ट दिसते. प्रवेश लहान गटांत, वाटाड्यासह आणि मर्यादित संख्येनेच दिला जातो. त्यामुळे उन्हाळ्यात बऱ्याच आधी नोंदणी करावी लागते.

ले कोंबारेल ही तिच्याहून अरुंद गुहा. येथे रंग जवळजवळ नाहीत. सहाशेहून अधिक कोरीव आकृती आहेत. त्या एकमेकींवर इतक्या दाट कोरलेल्या आहेत, की वाटाड्याच्या मदतीविना अननुभवी डोळ्यास भिंत कोरीच वाटते.

रूफिन्याक गुहा याच्या अगदी उलट, प्रशस्त आहे. तिच्या बोळांची एकूण लांबी सुमारे आठ किलोमीटर आहे. १९५६ मध्ये लुई-रेने नुजिए आणि रोमें रोबेर यांनी तेथील चित्रांची प्राचीनता जाहीर केली, तेव्हा ती अलीकडची आहेत असा आरोप होऊन मोठा वाद झाला. गुहेत चित्रे असल्याचा उल्लेख १५७५ मधील एका ग्रंथातही आढळतो. मॅमथच्या दीडशेहून अधिक आकृती येथे असून पुराश्मयुगीन कलेत इतके मॅमथ एकत्र अन्यत्र क्वचितच आढळतात. विजेच्या आगगाडीतून पर्यटकांना आत नेले जाते. त्यामुळे कोणी भिंतींना हात लावू शकत नाही आणि गट वाटेत विखुरत नाही. वाटेत गुहा-अस्वलांनी हिवाळी झोपेसाठी खणलेले खळगे आणि भिंतींवरील त्यांच्या नख्यांचे ओरखडे दिसतात. प्रवासाच्या शेवटी, ‘मोठे छत’ या दालनात, डोक्यावर मॅमथ, घोडे, आयबेक्स आणि गेंडे यांची गर्दी आहे. हे छत रंगवले गेले तेव्हा ते जमिनीपासून अगदी जवळ होते. चित्रकार आडवा पडून काम करत होता आणि संपूर्ण छत एका वेळी त्याला कधीच दिसले नसणार.

काप ब्लां येथे भिंतीत खोलवर कोरलेला घोड्यांचा शिल्पपट्ट आहे. त्यातील काही घोडे जवळजवळ प्रत्यक्ष आकाराचे आहेत. हा खोल गुहेतील नव्हे तर दिवसाच्या उजेडातील, माणसे राहत होती तेथील कलेचा नमुना होय. लोजरी-ओत व लोजरी-बास हे शैलाश्रय आणि ला मिकोक हे त्याहून फार प्राचीन स्थळ प्रामुख्याने अभ्यासकांच्या आवडीचे आहे. ग्रां रोक ही स्फटिकांसाठी प्रसिद्ध नैसर्गिक गुहा आहे.

मध्ययुगीन कडेवस्त्या व गावे

शैलाश्रयांचा उपयोग हिमयुगाबरोबर संपला नाही. ला रोक सें-क्रिस्तोफ हा सुमारे एक किलोमीटर लांब व ८० मीटर उंच कडा पाच मजली आहे. मध्ययुगात येथे किल्ला व वस्ती होती. घरांच्या तुळयांसाठी खडकात पाडलेल्या चौकोनी खोबणी, पाण्याचे चर आणि टाकी आजही दिसतात. धर्मयुद्धांच्या काळात, १५८८ मध्ये, ही वस्ती उद्ध्वस्त करण्यात आली. ला मादलेन येथेही प्रागैतिहासिक शैलाश्रयाच्या वर मध्ययुगीन कडेवस्तीचे अवशेष आहेत.

सें-लेओं-स्यूर-व्हेझेर हे नदीच्या वळणावरील लहान गाव बाराव्या शतकातील रोमनेस्क चर्चसाठी प्रसिद्ध आहे. चर्चचे छत ‘लोज’ म्हणजे चुनखडकाच्या चपट्या फरश्यांचे आहे. खिळ्यांविना एकावर एक रचलेल्या या फरश्यांचे वजन फार असते, म्हणून त्याखालील लाकडी सांगाडा अतिशय उभट बांधावा लागतो. प्रदेशातील उंच, टोकदार छपरांचे रहस्य हेच. सेंतामां-द-कोली येथील तटबंदीयुक्त मठचर्च गावाच्या मानाने अवाढव्य आहे. संगमावरील लिमय हे एके काळी नावाड्यांचे बंदर होते. रेल्वे आल्यावर नदीवरील वाहतूक संपली आणि गाव जसे होते तसे राहिले. ही तिन्ही गावे ‘फ्रान्समधील सर्वांत सुंदर गावे’ या संघाची सदस्य आहेत. हा संघ १९८२ मध्ये शेजारच्या कोरेझ विभागात स्थापन झाला. सदस्यत्वासाठी गावाची लोकसंख्या २,००० पेक्षा अधिक नसावी आणि तेथे किमान दोन संरक्षित वास्तू वा स्थळे असावीत, अशा अटी आहेत.

सार्ला

सार्ला शहर बेनेडिक्टाइन मठाभोवती वाढले. १३१७ मध्ये ते बिशपचे ठाणे झाले. इंग्लंडशी झालेल्या शंभर वर्षांच्या युद्धानंतर येथील व्यापारी व न्यायाधिकाऱ्यांनी सोनेरी पिवळ्या दगडात नवी घरे बांधली. राजकीय विचारवंत एत्येन द ला बोएसी यांचा जन्म १५३० मध्ये येथेच झाला. १५२५ च्या सुमारास बांधलेले त्यांच्या कुटुंबाचे घर, कोरीव खिडक्यांसह, कॅथेड्रलसमोर उभे आहे. कॅथेड्रलच्या मागे बाराव्या शतकातील ‘मृतांचा दीपस्तंभ’ नावाची शंकूसारखी इमारत आहे.

नंतरच्या शतकांत शहर मागे पडले. मुख्य रस्ते दूरून गेले, पैसा आटला आणि म्हणूनच जुनी घरे पाडून नवी बांधण्याची ऐपत कोणात राहिली नाही. एकोणिसाव्या शतकात जुन्या वस्तीतून सरळ रस्ता कापण्यात आला, त्यापलीकडे फारसा बदल झाला नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास ही वस्ती जतन झालेली खरी, पण मोडकळीस आलेली होती.

४ ऑगस्ट १९६२ रोजी फ्रान्समध्ये ‘मालरो कायदा’ संमत झाला. तोवर संरक्षण एकेका वास्तूला मिळत असे. या कायद्याने संपूर्ण वस्ती ‘संरक्षित क्षेत्र’ ठरवून, घरमालकांना साहाय्य देऊन तिचा जीर्णोद्धार करणे शक्य झाले. सार्ला हे या योजनेतील पहिल्या शहरांपैकी एक होते. ज्या मंत्र्याने पुढच्याच वर्षी लास्कोचे दार लावले, त्याच्याच कायद्याने सार्लाची दारे उघडली. दोन उपाय परस्परविरोधी दिसतात, परंतु रोग वेगळे होते: गुहेला माणसांचा वावर मारत होता, तर शहराला त्यांचे निघून जाणे.

जीर्णोद्धाराची किंमतही सार्लाने मोजली आहे. जुन्या वस्तीतील तळमजल्यांवर आता स्मरणवस्तू आणि डबाबंद खाद्यपदार्थांची दुकाने अधिक दिसतात, आणि उन्हाळ्यातील गजबजलेल्या गल्ल्या हिवाळ्यात ओस पडतात. शनिवारचा आठवडी बाजार मात्र वर्षभर भरतो आणि त्यास आसपासचे शेतकरी येतात. वापरात नसलेल्या सेंत-मारी चर्चचे रूपांतर वास्तुविशारद झां नुव्हेल यांनी बंदिस्त बाजारात केले असून त्यास पोलादाची प्रचंड दारे बसवली आहेत. नुव्हेल यांचे बालपण याच शहरात गेले.

सार्लाच्या दक्षिणेस दोर्दोन्य नदीच्या काठी बेनाक व कास्तेलनो हे समोरासमोरचे किल्ले, तसेच १२८१ मध्ये राजा फिलिप तिसरा याने वसवलेले दोम हे तटबंदीचे गाव आहे. दोमच्या एका वेशीच्या बुरुजात चौदाव्या शतकाच्या आरंभी कैद केलेल्या टेंपल पंथाच्या योद्ध्यांनी भिंतींवर क्रूस व धार्मिक आकृती कोरल्या.

भेट व प्रवास

लेझेझी हे पेरिग्य–आजां रेल्वेमार्गावरील स्थानक आहे. फाँ-द-गोम, संग्रहालय आणि क्रो-मॅग्ननचा शैलाश्रय तेथून पायी गाठता येतात. सार्ला येथे बोर्दोहून रेल्वेने जाता येते. मोंतिन्याक, रूफिन्याक आणि लहान गावांसाठी स्वतंत्र वाहन असणे सोयीचे. जुलै व ऑगस्ट हे सर्वाधिक गर्दीचे महिने होत. रूफिन्याक गुहा हिवाळ्यात बंद असते, तर जानेवारीत इतरही अनेक स्थळे बंद राहतात. मे, जून आणि सप्टेंबर हे महिने सर्वांत सोयीचे.

गुहांतील तापमान बाराही महिने १३ अंश सेल्सियसच्या आसपास असते, त्यामुळे उन्हाळ्यातही उबदार कपडा जवळ ठेवावा. मूळ चित्रित गुहांमध्ये छायाचित्रणास मनाई आहे. भिंतींना स्पर्श करू नये आणि मोठ्या पिशव्या आत नेऊ नयेत, या सूचना वाटाडे प्रवेशापूर्वी देतात. ले कोंबारेलसारख्या अरुंद गुहेत पाठीवरच्या पिशवीचा एक धक्काही कोरीव रेघ पुसण्यास पुरेसा असतो.